उजव्या हाताची विहीर

हसाल तुम्ही, पण आमची रिठदची विहीर मौलवीसाहेबांनी दाखवली.

वावर बाबांचं अन् रहीमचाचांचं सामाईक. पाणाड्या सांगून गेला, "निंबापाशी उभं राहा, उजव्या हाताले खणा." बाबा सूर्याले हात जोडणारे, ते उगवतीकडं उभे राहिले. चाचा नमाजाच्या सवयीनं मावळतीकडं. खड्डे दोन झाले, बाबांचा दक्षिणेले, चाचांचा उत्तरेले; बोलणं बंद.

मौलवीसाहेब म्हणाले, "तुमच्या संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवा हात. आमच्या अरबीत उत्तरेले शुमाल म्हणतेत, म्हणजे डावा हात. शब्द करणारे दोघंही उगवतीकडंच पाहून राह्यले होते."

चाचा फावडं घेऊन बाबांच्या खड्ड्यात उतरले. पाचव्या दिवशी पाणी लागलं.

बाबा म्हणाले, "रहीमभाई, पयला लोटा तुमी प्या."

चाचा म्हणाले, "पेतो. तोंड कोनीकडं करू?"