नुसता फ्लॅश

नाही नाही, थांब, पिशवीत घालू नकोस अजून — दे इकडे, दोन्ही हातांनी दे, सव्वा लाखाची वस्तू आहे, पावशेर मिरच्या नव्हेत. आणि तू बस त्या स्टुलावर. झेरॉक्सला कुणी आलं तर बघू, कोण येतंय — सकाळपासून तूच पहिली. हं. वजन झकास आहे. वर ह्या गोल चकत्या, स्पीडची वेगळी, उजेडाची वेगळी, अंगावर काळं कातडं, डोकं चंदेरी — अगं, लांबून माझाच जुना कॅमेरा वाटतो. तू आत शिरलीस ना, धस्स झालं मला. पण चेतना, खरं विचारतेयस, की नानांनी हो म्हणावं म्हणून विचारतेयस? खरं? मग ऐक. नाही. एवढ्या किमतीचा नाही हा. आतला माल तोच, जो ह्याच कंपनीच्या साध्या काळ्या डब्यात निम्म्या पैशात मिळतो. मग वरचे पैसे कशाचे? ह्या चकत्यांचे, ह्या कातड्याचे, आणि ह्याचे — थांब, दाबू दे एकदा — खटाक! आवाज मात्र झक्क काढलाय मेल्यांनी. ह्या आवाजासाठी लोक पैसे मोजतात, काय कमाल आहे ना? परत कधीपर्यंत घेतात? गुरुवार? मग आहे वेळ, कर परत.

जुना फील! फील म्हणे. तुम्हाला त्या काळाची हौस, आणि आमची त्या काळात वाट लागलेली, त्याचं काय? एका रोलात छत्तीस फोटो, ओढूनताणून अडतीस. आपली विहारातली लग्नं — वंदना झाली, हार झाले, टाळ्या झाल्या, तासाभरात जेवणाच्या पंगती — पार्टी आधीच सांगायची, नाना, एकच रोल हं. आणि माणसं किती? चारशे. प्रत्येकाला नवरा-नवरीच्या शेजारी उभं राहायचंय. नाही म्हणायची सोय आहे का? नाही म्हटलं की रुसवे-फुगवे सुरू. मग काय करायचो सांगू? कुठे बोलू नकोस. फ्लॅशच्या पाठीमागे एक बारकं बटण असायचं. कॅमेरा डोळ्याला लावायचा, मामा जरा हसा म्हणायचं, आणि कॅमेऱ्याचा खटका न दाबता ते बटण दाबायचं. लख्ख! मामा खूश, रोल शाबूत. नुसता फ्लॅश. सगळेच करायचे गं, मी एकटा नाही, ह्या लाइनीतल्या कुणाही म्हाताऱ्या फोटोग्राफरला विचार. तुझ्या बाबांच्या लग्नातसुद्धा — आता निघालंच तोंडातून तर सांगतो — तुझी आजी, सखुबाई, गावाहून आलेली, निळ्या काठाचं पांढरं लुगडं, नवंकोरं. माझ्या एकटीचा काढ रे बाबा, म्हणाली. काढला की. म्हणजे — लख्ख केलं. अशी बघू नकोस माझ्याकडे. अल्बममध्ये सापडत नाही ना ती? मला माहितीये, नाही सापडत. गावी जायच्या आधी चार वेळा आली दुकानात. मी म्हटलं, आजी, तुम्ही डोळे मिटले, फोटो वाया गेला. तिला खरं वाटलं. वर माझीच माफी मागितली तिनं — माझंच चुकलं रे, म्हणाली.

काय? हो, भिंतीवरची ती कुंदाच. तुझी काकू. नाही, मी नाही काढलेला. आधार कार्डावरचा आहे, मोठा करून घेतला. हस, हस — चाळीस वर्षं फोटोग्राफर, आणि बायको गेल्यावर कपाटात आधार कार्ड शोधत बसलो. धुरकट आलाय. ते नाक तरी तिचं वाटतं का? मला नाही वाटत. का म्हणजे काय, आता कळलं नाही का तुला? लग्न आटपून घरी यायचो, रोलात दोन-तीन उरलेले असायचे. ही विचारायची, राहिलेत का हो? आणि साडी बदलून, केस विंचरून खिडकीशी उभी. ते दोन-तीन मला पुढच्या ऑर्डरला लागायचे. मग — लख्ख. आठवड्यानं सांगायचो, रोल धुताना खराब झाला. असू दे, म्हणायची. पुन्हा लग्न, पुन्हा खिडकी, पुन्हा असू दे. मग डिजिटल आला. तेव्हा काय अडचण होती, रोलचा खर्च नाही, काढ ना हजार! काही अडचण नव्हती. फक्त तोवर तिनं विचारायचं सोडलं होतं, आणि माझ्या लक्षात आलं नाही. एवढंच. दुसरं काही कारण नाही, लाज वाटते सांगायला, पण नाही.

आजारपणात एकदा मोबाइल धरला तिच्यापुढे. म्हटलं, कुंदा, बघ इकडे. तेव्हा बोलली. अहो, म्हणाली, पहिल्या वर्षापासून माहितीये मला. उजेड पडायचा, खटका वाजायचा नाही. लग्नात लाऊडस्पीकरच्या गोंगाटात कुणाला कळत नसेल, आपल्या एका खोलीत न कळायला काय झालं? म्हटलं, अगं मग उभी का राहायचीस? दर वेळी साडी बदलून? तर म्हणाली — तेवढा वेळ तुम्ही माझ्याकडे बघायचात.

मोबाइल खाली ठेवला मी. नाही काढला. काढायला हवा होता, कळतं मला, पण हातच उचलेना.

हा घे तुझा कॅमेरा. परत कर, नाहीतर ठेव, मला नको विचारूस, मला कशाची किंमत कळते? — ए, माझा नको काढूस. खाली घे तो. कुणाला बघायचाय माझा फोटो? चेतना, नको म्हटलं ना. जा, ऑफिसला उशीर होतोय तुला. दार लोटून घे जाताना.