ड्राइव्हवेच्या तोंडाशी

नमस्कार मंडळी. एवढ्या थंडीत सगळे आलात. या हॉलमध्ये आपण हळदीकुंकवाला जमतो, गणपतीला जमतो. आज निखिलसाठी जमलोय. मी निखिलच्या घरच्यांची, देशमुखांची शेजारीण, आणि टाऊनशिपमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, निखिल नि मी बरोबर कामाला, म्हणून मला बोलायला सांगितलंय. खरं सांगू? मला रडू येत नाहीये. काही आत पोचतच नाहीये. तेव्हा जे आठवेल ते बोलते. सांभाळून घ्या.

निखिल टाऊनशिपच्या रस्त्यांच्या खात्यात होता. उन्हाळ्यात खड्डे बुजवायचे, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी, स्नो प्लाऊ, चालवायची. शिवाय तो नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे नोकरी सांभाळून राखीव सैन्यात, सैनिक होता. महिन्यातला एक वीकेंड तिकडे, आणि अधूनमधून लांबचं ट्रेनिंग. आपल्या मंडळात कोणाची मुलं डॉक्टर, कोणाची सॉफ्टवेअरमध्ये. विनायकराव, तुम्हाला सुरुवातीला जड गेलं होतं, मला माहीत आहे. मुलगा काय करतो विचारलं की तुम्ही "गव्हर्नमेंटमध्ये आहे" म्हणायचात आणि भजी घ्यायला उठायचात.

ऑफिसात त्याची लीव्ह मी एंटर करायचे. सरकारी नोकराला सैन्याने बोलावलं तर त्याची जागा राखायची आणि काही दिवस पगारही चालू ठेवायचा, असा नियम आहे. पेड मिलिटरी लीव्ह म्हणतात. आपल्या लोकांनी त्यातलं फक्त पेड ऐकलं आणि लीव्ह ऐकलं. "काय निखिल, सरकारचा जावई रे तू," हे गणपतीच्या पंगतीत कितीदा ऐकलंय मी. तो हसायचा. म्हणायचा, "काका, एकदा कम विथ मी. मग बघू." आणि पुढच्या ताटात मसालेभात वाढायचा.

आता प्लाऊचं सांगते. प्लाऊ गेला की रस्ता साफ होतो, पण तो सगळा बर्फ येऊन पडतो आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी. ओला, दगडासारखा जड. आधी मारलेलं सगळं फावडं पाण्यात. निखिल मात्र आपल्या रस्त्यावर आला की गाडी स्लो करायचा. जिथे जिथे वयस्कर माणसं राहतात तिथे प्लाऊचं पुढचं ब्लेड फिरवून बर्फ पुढे न्यायचा. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. उलट सुपरवायझर ओरडायचा, रूट लवकर संपव म्हणून. मी म्हटलं, "अरे, बोलणी कशाला खातोस?" तर म्हणतो, "मावशी, बाबांची बॅक चांगली नाही ना. आणि फक्त आपल्याच घरापुढे केलं तर ते बरं नाही दिसत."

म्हणून ढीग दिसला की गल्लीला कळायचं. जोशीकाकू खिडकीतून म्हणायच्या, "निखिल लीव्हवर दिसतोय." विनायकराव फावडं घेऊन यायचे, ढिगाकडे बघून "गेला वाटतं फौजेत" म्हणायचे, आणि कंबर धरून कामाला लागायचे. कुरकुरायचे भरपूर. पण गेल्या हिवाळ्यात, विनायकराव, तुम्हीच मला म्हणालात, "मंजू, सरकार त्याला पगार देऊन पाठवतं. उगाच पाठवेल का?" तेव्हापासून तुम्ही लोकांना "सैन्यात आहे" म्हणून सांगायला लागलात.

यंदाही तो ट्रेनिंगला गेला. गाडी उलटली. एवढंच कळलंय, जास्त मला सांगता येणार नाही. त्याची परत येण्याची तारीख मीच घातली होती. ती येऊन गेली. मी ऑफिसात होते. कॉफी प्यायले, काम केलं, घरी आले. माझं मलाच नवल वाटलं.

एक गोष्ट मात्र रागाने सांगते. भेटायला आलेलं कोणीतरी म्हणालं, सुट्टीवर असताना गेला बिचारा. सुट्टीवर नव्हता तो. कामावर होता. एका कामावरून त्याला दुसऱ्या कामावर पाठवलं होतं. निदान सुनीतासमोर, त्याच्या आईसमोर, असं बोलू नका.

आणि परवाचा बर्फ. सकाळी प्लाऊचा आवाज आला, गेला. मी खिडकीत होते. विनायकराव फावडं घेऊन बाहेर आले, ड्राइव्हवेच्या टोकाला गेले. ढीग नव्हता. निखिलचा रूट आता त्याच्याच खात्यातला टोनी करतो. त्याने ब्लेड फिरवलं होतं. देशमुखांकडे, जोशीकाकूंकडे, सगळीकडे, जिथे जिथे निखिल फिरवायचा तिथे तिथे. त्याला वाटलं, मित्रासाठी एवढं तरी करावं. आपल्या गल्लीत त्याचा अर्थ काय होतो, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत?

विनायकराव त्या साफ जागेकडे बघत राहिले. मग घराकडे वळून त्यांनी हाक मारली, "अगं, निखिल आला."

सुनीता तशीच धावत बाहेर आली. पायात चपलाही नव्हत्या.

मग दोघांना कळलं. मी खिडकीतच उभी होते. मला जाता आलं नाही.

टोनी मागे उभा आहे, खात्यातल्या दोस्तांबरोबर. त्याला मराठी कळत नाही. आत येताना विनायकरावांनी मला निरोप दिलाय, तो मी त्याला इंग्रजीत सांगणार आहे. तुम्हाला आधी सांगते. "त्याला म्हणावं, असंच करत जा. ढीग टाकू नकोस. मी बाहेर येऊन बघत जाईन."

आता निखिलसाठी मौन पाळायला उभे राहूया. मी घड्याळ लावत नाही. विनायकराव आणि सुनीता बसतील, तेव्हा आपण बसू.