पालथा कप

ये गो पोरी, ये, तिथं उंबऱ्यात काय उभी राहिलीस पाहुण्यासारखी, इथं माझ्या बाजूला बस, मला आता लांबचं ऐकू येत नाय. किती दिवसांनी तोंड दाखवलंस! भिंतीला भिंत लावून राहत व्हतो तवा दिवसभर आमच्याकडं पडीक असायचीस, आणि आता कॉलेजात गेलीस तर रोह्याहून वरशाला यायला तुला रिक्षा मिळत नाय व्हय? बरं, रागावत नाय. काढ तुझं ते लिवायचं. पण मी बोलते तसंच लिव हां, मागून त्याला इस्त्री मारत बसू नकोस.

तर माझं माहेर इथलंच, रोह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. भाताची शेती, भात काढलं की वाल. पाणी म्हणजे आम्हाला काय ठाऊक, तर नदीचं आणि विहिरीचं. आमच्याकडचं पाणी एकाच दिशेनं जायचं. आणि मला दिलं कुठं, तर पेणच्या खाली खाडीकाठी, मिठागरवाल्यात. तिथलं पाणी सकाळी येतंय, दुपारी जातंय, रोज त्याची वेळ वेगळी. मी नवी नवरी बांधावर उभी राहून नुसती बघत बसायची, आणि बायका हसायच्या, ही भातवाल्याची पोर बघा, पाणी बघत्येय.

आमचे हे, म्हणजे माझे मालक, मचव्यावर खलाशी. मचवा म्हणजे शिडाचं मोठं होडकं गो, मीठ भरून मुंबईला जायचं. एकदा गेले की पंधरवडा म्हणू नकोस, महिना म्हणू नकोस, वारा आणेल तवा येणार. घरात मी आणि सासू. सासूला मी आई म्हणायची. काय सांगू तुला त्या बाईचं, उन्हातान्हात मीठ ओढून ओढून पायाला अशा भेगा पडलेल्या की त्यात मीठ चमकायचं. तिचा नवरा, माझा सासरा, असाच मचव्यावर गेला व्हता, आमचे हे पाळण्यात असताना. मचवा गेला तो गेला. माणूस नाय की फळी नाय. ती त्यावर कवा बोलायची नाय, आणि तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

आता सिनेमाकडं येते, तू त्याच्यासाठीच आलीस ना. पेणला तवा पत्र्याचं थेटर व्हतं, आणि आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, दुपारी बायकांचा खेळ. पुरुषांना आत सोडायचेच नाय. बाजारात सुकी मासळी विकून झाली की बायका टोपल्या घेऊन तशाच आत. मासळीचा वास, पोरांची रडारड, वर पत्रा तापलेला, आणि समोर तो पांढरा पडदा. मला पारूनं नेलं पहिल्यांदा. पारू म्हणजे आमची शेजारीण, तोंडाची फटकळ, तिला वाटायचं आपल्याला हिंदी येतं. मला म्हणाली, चल गो इंदे, तुझा नवरा पाण्यावर, तू घरात बसून काय भिंतीला टेकू देतेस?

सिनेमाचं नाव विचारू नकोस. तवा मला वाचता येत नव्हतं. वाचायला मी नंतर शिकले, तेपण पेणच्या भिंतीवरच्या सिनेमाच्या चित्रांवरून, आधी नटांची नावं आली मला आणि मंग अ आ ई. तर तो सिनेमा लढाईतला. परक्या मुलखात लढाई लागलेली, आणि आपले शिपाई बोटीनं तिकडं जायचे. बंदरावर एका म्हाताऱ्याचं चहाचं दुकान, त्याची ही पोर. रात्री दिवे लावायचे नाय, वरून विमान येईल म्हणून, काचांना काळे कागद चिकटवलेले. आणि त्या काळोखात एक शिपाई दुकानात शिरतो. पडद्यावर काय दिसतच नाय गो, सगळा काळोख, थेटरातसुद्धा काळोख, बायका ओरडल्या, बिघडलं बिघडलं. आणि मंग त्यानं काडी ओढली. फक्त एक काडी. आणि त्या काडीच्या उजेडात तिचं तोंड. नुसतं तोंड, डोळे असे वर उचललेले, आणि काडी विझत विझत जाते तसं ते तोंड जात जात नाहीसं होतं. अख्खं थेटर गप. रडणारं पोरसुद्धा गप. मी आयुष्यात इतकं सुंदर काय बघितलं नव्हतं, खोटं सांगत नाय. माझं लग्न झालेलं, पण माझ्या नवऱ्याचं तोंड मी असं कवा बघितलंच नव्हतं. लाजेनं मान वर केली असेल तवा ना. आणि तिथं बसल्या बसल्या मला वाटलं, आता हे आले की मी सरळ वर बघणार. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

मंग तो बोटीवर जातो. ही काय रडत नाय, धावत नाय. तो ज्या कपातून चहा प्यायचा तो कप धुते, फळीवर पालथा घालते. रोज सकाळी उचलायचा, धुवायचा, परत पालथा. म्हणजे, हा कप तुझा, तू आलास की सरळ करीन. मला पारूनं सांगितलं की त्या कपात विष हाय. म्हटलं, गप बस गो, तुला काय कळतंय. मला तर एक शब्द कळत नव्हता पण सगळं कळत व्हतं. मंग बातमी येते, बोट बुडाली. ती फळीजवळ जाते, कप हातात घेते, आणि तेवढ्यात पारूनं माझा हात ओढला. म्हणाली, उठ, पाणी चढतंय. अष्टमी व्हती त्या दिवशी, ओहोटी भरदुपारची, आणि आमच्या गावाला जायचं तर खाडी गुडघाभर पाण्यातून ओलांडायची. उशीर केला तर गळ्यापर्यंत. मी म्हटलं थांब, थोडंच राहिलंय. ती म्हणाली, तू थांब मग, खाडी थांबणार नाय. काय करते, उठले. दारातून वळून बघितलं तर तिच्या हातात कप तसाच.

घरी आले ती मी माझी राहिलेच नव्हते. आमच्याकडं चिनी मातीचा कप एकच, ह्यांनी मुंबईहून आणलेला, निळ्या रेघेचा. ह्यांचाच कप तो, दुसरं कोण त्यातून पीत नव्हतं. मी तो घासला, धुतला आणि फळीवर पालथा घातला. मनात म्हटलं, तुम्ही आलात की सरळ करीन. इतकं बरं वाटलं मला.

दोन दिवस आईचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी पीठ काढायला फळीकडं गेली आणि तिचा हात तिथंच राहिला. म्हणाली, हे कुणी केलं? तिच्या आवाजाला मी घाबरले. इंदे, माणूस पाण्यावर असताना ह्या घरात भांडं पालथं घालतात? पालथं भांडं म्हणजे पालथा मचवा, एवढं तुझ्या आईनं शिकवलं नाय? कसं शिकवणार, आमच्याकडं सगळी भांडी धुऊन पालथीच घालायचे, पाणी निथळायला. मी भातवाल्याची पोर, मला काय ठाऊक. आता कळलं की ह्यांच्या घरी टोपसुद्धा भिंतीला कलता टेकवून का ठेवतात. आई कपाला हात लावेना. मलाही लावू देईना. म्हणाली, आता उगाच हलवू नकोस. झालं ते झालं.

आणि नेमका मचवा येईना. ह्यांच्या मागून गेलेला मचवा आला, ह्यांचा नाय. त्या मचव्याचा तांडेल, म्हणजे त्यांचा म्होरक्या, म्हणाला, वारा फिरला व्हता, वाटेत कुठं दिसला नाय. गावातल्या बायका माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. पारूसुद्धा नजर चुकवायची, तिनंच गावभर केलेलं कपाचं. मी येता-जाता फळीकडंच बघायची. त्या पोरीच्या हातातला कप आणि माझा कप, दोन्ही मला एकच वाटायला लागले. तिचा शिपाई आला तर माझा येईल. मी रात्रंदिवस तेच म्हणत बसायची, आला असेल काय गो तो, पुढं काय झालं असेल? आईच्या कानावर गेलंच ते.

बाजाराचा दिवस परत आला. त्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे दुपारी भरती आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ. आई पहाटंच उठली, लुगडं नेसली, टोपली घेतली. जन्मात थेटराची पायरी चढली नव्हती ती बाई. म्हटलं, आई कुठं? म्हणाली, बघून येते ती कोण भवानी कप पालथे घालते ती. म्हटलं, मी येते. म्हणाली, तू घरात राहा. मचवा आला तर घरात माणूस नको?

तो दिवस कसा गेला ते मलाच ठाऊक. दिवे लागायच्या आधी, पाणी उतरल्यावर, आई बांधावरून येताना दिसली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, डोळे सुजलेले. मी धावले, म्हटलं, आई, आला काय तो? तिनं टोपली ठेवली, सरळ घरात गेली, फळीवरचा कप उचलला आणि सरळ करून ठेवला. मंग म्हणाली, आला. बोट बुडाली पण हा आला. तिनं कप सरळ केला, चहा ओतला. चल, चूल पेटव.

मी त्या रात्री पोटभर जेवले गो. आणि मचवा आला, आणखी बऱ्याच दिवसांनी, शीड फाटलेलं, कुठल्या कुठल्या खाडीत आसरा घेत घेत. हे बांधावर उतरले आणि मी सगळ्यांच्या देखत मान वर करून बघितलं. बायका खुसखुसल्या. आई म्हणाली, बघू दे, बघण्यासाठीच उभी हाय ती.

त्यानंतर बायकांचा खेळ आमचा कवा चुकला नाय. सासू आणि सून. भरती असली की पेणजवळच रामवाडीला तिच्या भाचीकडं थांबायचो आणि पाणी उतरल्यावर निघायचो. आई पडद्यावरच्या खलनायकाला शिव्या घालायची, मागच्या बायका म्हणायच्या, मावशी, त्याला ऐकू येत नाय. आई म्हणायची, नाय तर नाय, मला मोकळं वाटतं. ते जुने काळे-पांढरे सिनेमे, त्यांची काय सर येणार आताच्यांना! माणसाच्या तोंडाकडं इतका वेळ कोण बघतंय आता? आणि दर वेळी खाडी ओलांडताना मी तिला म्हणायची, आई, तो शिपाई कसा आला ते सांगा ना. ती सांगायची. एकदा त्याचा हात गळ्यात बांधलेला, एकदा दाढी वाढलेली, एकदा दारात उभा राहून म्हणतो, माझा चहा कुठाय. मला वाटायचं, म्हातारीला एवढं बारीक बारीक कसं आठवतं.

मंग मिठागरं कमी झाली, मचवे गेले, मुलाला धाटावला कंपनीत शिफ्टचं काम लागलं आणि आम्ही इकडं वरशाला आलो, माझ्या माहेरच्या पाण्याजवळ. आई तिकडंच वारली, त्याच्या आधीच. हे गेले तेपण तू बघितलंस, तू तवा शाळेत व्हतीस.

आणि आता परवा आमच्या मनूनं, माझ्या नातीनं, मोबाईलात तो सिनेमा शोधून काढला. मी सांगत गेले, लढाई, बंदर, कप, आणि तिनं कुठून कुठून काढला. रेघा पडलेल्या, आवाज खरखर. पण काडी ओढली आणि ते तोंड आलं, आणि मनू, दिवसभर मोबाईल चाळणारी ती पोर, श्वास धरून बसली. मंग बोट, मंग बातमी, मंग कप हातात. माझा हात आपोआप मनूच्या हातावर गेला. म्हटलं, आता कोण ओढणार नाय मला.

तो आला नाय गो. शिपाई आलाच नाय. ती पोर कप सरळ करते, चहा ओतते, आणि दारात दुसराच एक शिपाई भिजत उभा असतो, अनोळखी, त्याला देते. तो पितो. ती बघत राहते. संपलं.

मनू म्हणाली, आजी, पणजीनं तुला खोटं सांगितलं! मी म्हटलं, कप सरळ केला ना तिनं? चहा ओतला ना? तेवढं खरंच सांगितलं. बाकीचं... तिचा स्वतःचा माणूस पाण्यातून आला नव्हता, आणि त्या पत्र्याखाली बसून तिनं दुसऱ्याही बाईचा न आलेला बघितला. आणि ओल्या लुगड्यानं चालत येऊन मला सांगते, आला. दरवेळी त्याला दाढी लावते, हात बांधते, चहा मागायला लावते. तो कुणाचं तोंड घेऊन दारात उभा राहत असेल तिच्या डोळ्यासमोर, ते मला परवा कळलं. सिनेमा काढणारा मोठा माणूस असेल, मी त्याला हात जोडते. पण आईला दोनदा जोडते.

तो बघ, फळीवर निळ्या रेघेचा कप. कान तुटलाय त्याचा. सरळच ठेवते मी. हे गेल्यावर इतकी वर्षं हात लावला नाय त्याला, पण परवापासून जो कुणी घरी येईल त्याला त्यातूनच चहा देते. घे, तुझाच हाय आज, सांभाळून धर, गरम हाय. सुखी राहा पोरी, शिक, मोठी हो. आणि पुढच्या वेळी एवढे दिवस लावू नकोस, पुढच्या रविवारीच ये, मनूपण असेल, आपण तिघी मिळून बघू तो काडीचा सीन परत.