उकळत्या पाण्याकाठचं गवत

नात पुण्यात कॉम्प्युटरवरच्या खेळांची चित्रं काढते, ठाऊक आहेच तुम्हांला. दिवाळीला मोताळ्याला माझ्याकडं आली, तीही काम घेऊन. चित्रात गोल्फचं मैदान, जागोजाग जमिनीतून उसळणारं उकळतं पाणी आणि काठाला हिरवंगार गवत. साहेबांना पटलं नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं.

"काऊन वं, हे गवत जितं कसं? मी भाताचं उकळतं पाणी ओतते, तिथं तण बी उगवत नाही."

"आजी, खोटंच मैदान आहे गं!"

"खोटं बी पटलं पाहिजे, माय."

कुरकुरत तिनं गवत पुसलं, खडक काढला.

साहेब फोनवर खूश. "खडक कुठून सुचला?"

"नेटवर वाचलं, सर."

बिनशाळेची माझी अक्कल गेली नेटच्या नावावर. भांडायचं त्राण नव्हतं. एवढंच म्हटलं, "मंग आज भात बी नेटवरच शिजवजो."