शेजारची सीट

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. सुमनबाई, तुम्हाला वेगळा नमस्कार. तुमच्या मालकांच्या, रंगरावांच्या शोकसभेत मी बोलावं असा हट्ट तुम्ही धरलात आणि मला न्हाय म्हणवेना. पण आधीच सांगते, मला भाषण येत न्हाय. माईक आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलाय. मधेच गप्प झाले तर जरा सांभाळून घ्या.

तुमच्यातल्या पुष्कळांना मी कोण ते ठाऊक नसंल. मी पेठ वडगावची. शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री हाय, ती आता माझा मुलगा शीतल बघतो. आणि ती लाल, लांब नाकाची, दोन दारांची अमेरिकन गाडी, जी रंगरावांच्या कुशनच्या दुकानासमोर वर्षभर उभी होती, जिच्यापुढं उभं राहून तुम्ही सगळ्यांनी फोटो काढलेत, ती आमची. मसल कार म्हणतात म्हणे तिला. आमच्या वडगावात तिला पैलवान म्हणायचे. चालू केली की शेजारच्यांची भांडी वाजायची.

ती गाडी आमच्या मालकांनी मुंबईतनं आणली. एक गोरा साहेब, एकटाच राहणारा, मायदेशी जाताना विकून गेला. गाडी दारात आली तेव्हा सगळी गल्ली गोळा झालती. मालक बॉनेटवर हात ठेवून सांगत होते, आतली सीटं अस्सल चामड्याची हायत बरं का. मी ओवाळायला ताट घेऊन आलते. ते ऐकलं आणि तिथंच थांबले. आम्ही जैन. कोल्हापूर जिल्ह्यात जन्म गेला, पण कोल्हापुरी चप्पल कधी पायात घातली न्हाय. मी चामड्यावर बसू व्हय?

मी बसणार न्हाय म्हटल्यावर मालकांचा चेहरा पडला. आत येऊन म्हणाले, अगं, रेक्झिन हाय ते, लोकांपुढं उगाच फुशारकी मारली. आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? मघाशी चामडं, आता रेक्झिन. मला वाटलं, बायको गाडीत बसावी म्हणून हा माणूस धडधडीत खोटं बोलतोय.

पुढं माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं, जयसिंगपूरला. नणंदेसकट सगळं वऱ्हाड आमच्या दारात उभं. मालकांनी गाडीचं दार उघडलं, शेजारच्या सीटवर स्वच्छ पांढरी चादर अंथरली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, देवाशपथ रेक्झिन हाय, बस. आणि मी, चारचौघांत, माझ्या नवऱ्याला म्हणाले, खोटारड्या माणसाशेजारी मी बसत न्हाय. असं म्हणून मी एसटीनं गेले. लुगड्यात, दागिने घालून, उभ्यानं.

त्यानंतर त्यांनी मला गाडीत बसतेस का म्हणून कधी विचारलं न्हाय. भांडले न्हाईत, रुसले न्हाईत, नुसतं विचारणं सोडून दिलं. पुढं गाडीही फौंड्रीच्या शेडमधे गेली. आठ वर्षांमागं मालक गेले. गाडी तिथंच होती. उंदरांनी मागची सीटं खाल्लेली, छताचं कापड फाटून खाली लोंबत होतं, दारांची आतली पॅनेलं पाण्यानं फुगली होती. शीतलनं ठरवलं, वडलांची गाडी पुन्हा उभी करायची. इंजिनवाला पुण्याचा मिळाला. आतल्या कामाला सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, रंगराव.

रंगरावांची कामाची पद्धत तुम्ही बघितलीय. माणूस घाईला भीक घालत नव्हता. गाडीच्या आतला एकेक स्क्रू, एकेक क्लिप त्यांनी काढली आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांत भरली. पाकिटावर चिरंजीव आणि सौभाग्यकांक्षिणी, त्याच्याखाली पेन्सिलनं 'डावं दार, वरची ओळ'. मी एकदा बघायला गेले तर म्हणाले, आक्का, आज बारा लग्नं उरकली. असे चेष्टेखोर. पण मालाच्या बाबतीत चेष्टा न्हाय. रेक्झिनला रेक्झिन म्हणणार. गिऱ्हाईक डोळे मिचकावून म्हणायचं, जरा पाहुण्यासमोर लेदर म्हणा की. हे म्हणायचे, मग पाहुण्याला चहाला बोलावू नका. किती गिऱ्हाइकं तुटली असतील, सुमनबाईंना ठाऊक.

तर एक दिवस दुपारी रंगराव स्कूटरवरनं वडगावला आमच्या दारात. मला नंतर कळलं, गाडीवरनं मी मालकांना काय बोलले ते शीतलनं त्यांना सांगितलं होतं, आणि हात जोडून म्हणाला होता की आता कळलंय ते आईला सांगू नका, तिचं वय झालंय, झालं ते झालं. तरी आले. ओसरीवर बसले. पिशवीतनं सीटच्या कव्हरचा एक तुकडा काढला. मी मागं सरकले. ते म्हणाले, हात लावू नका आक्का, नुसतं बघा. तुकडा उलटा केला. आत कापडाची वीण होती, आपल्या धोतराला असते तशी. मग काडी ओढून कोपरा पेटवला. चामडं जळलं की केस जळल्यावाणी वास येतो. हा वितळला, आणि प्लॅस्टिकचा वास सुटला.

रंगराव म्हणाले, "आक्का, ह्या गाडीत चामड्याचा एक धागा न्हाय. पयल्यापासनं न्हाय. कंपनीतनंच रेक्झिन आलंय. मालक खरं बोलत हुते."

मी काय केलं असंल? मी रागावले. मी त्यांना म्हणाले, कशाला सांगायला आलाय हे आता? ते माणूस गेलं. आता मी हे घेऊन कुठं जाऊ? त्यांना चहासुद्धा विचारला न्हाय. आमच्या घरातनं असा कोरड्या तोंडानं गेलेला पहिला माणूस रंगराव.

ते उठले. जाताना उंबऱ्याशी थांबले. म्हणाले, "डायवरची सीट पार बसलीया. मागची बी बसलीया. शेजारच्या सीटची स्प्रिंग नव्यावाणी हाय. कोण बसलेलंच न्हाय तिच्यावर." एवढंच बोलून गेले.

मी नंतर मालकांच्या मित्रांना विचारलं. खरं होतं. मित्र गाडीत बसायचे ते मागं, दोन दारांच्या गाडीत वाकून, पोटं सावरत. पुढं बसू का म्हटलं की मालक हसून काहीतरी सांगून टाळायचे. किती वर्षं? मला मोजवत न्हाय. मी त्या दिवसापासनं रडायला लागले, ते पंधरा दिवस. सून म्हणायची, आई, डॉक्टरकडं जाऊ. डॉक्टर काय करणार होता?

रंगरावांनी सगळी गाडी आतनं नवी केली. नवं छत, नवी पॅनेलं, नवा गालिचा. ती एक सीट तेवढी बदलली न्हाय. साबणाच्या पाण्यानं, दात घासायच्या ब्रशनं शिवणीशिवण धुतली. नवं रेक्झिन तिच्यापुढं भडक दिसायला लागलं, म्हणून गच्चीवर उन्हात वाळत घातलं, जुन्या रंगाला येईपर्यंत. सुमनबाई सांगत होत्या, गच्चीवर पापड घालायला जागा उरली नव्हती.

गाडी घरी आली. मी त्या सीटवर बसले आणि शीतलला म्हणाले, पहिल्यांदा रंगरावांकडं घे. दुकानात गेले. म्हणाले, रंगराव, चुकलं माझं, मालकांवर मी खोटा आळ घेतला. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. मला वाटलं, म्हणतील, जाऊ द्या आक्का. तसं म्हणाले न्हाईत.

म्हणाले, "मला सांगून काय उपेग? चारचौघांत बोलला हुता न्हवं, मग चारचौघांत सांगा की. ऐकलेली माणसं हायत तोवर सांगा."

व्हय म्हणाले मी. सांगते म्हणाले. आणि न्हाय सांगितलं. मालकांच्या पुण्यतिथीला सगळे नातेवाईक होते, तोंड उघडलं न्हाय. नातवाच्या साखरपुड्याला होते, न्हाय उघडलं. लाज वाटायची हो. या वयात सगळ्यांसमोर कसं म्हणायचं, मी चुकले? रंगरावांनी पुन्हा कधी आठवण केली न्हाय. भेटले की गाडीचं विचारायचे, पाऊस आत येत न्हाय न्हवं, असं. आणि मागच्या सोमवारी शीतलचा फोन आला, आई, रंगराव गेले.

त्या लग्नाला जी माणसं दारात उभी होती, त्यातली बरीच आता न्हाईत. एक हाय. माझी नणंद. गुडघे दुखतात म्हणत होती, तरी तिला मी आज बळंच इथं आणलीय. तिला वाटलं असंल, कुशनवाल्याच्या सभेला मला कशाला?

वन्सं, इकडं बघा. तुमच्या लेकीच्या लग्नाच्या दिवशी मी तुमच्या भावाला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणाले होते. तुम्ही ऐकलंत. त्यांनीही ऐकलं, आणि मरेपर्यंत मनात ठेवलं. वन्सं, ते खरं बोलत होते. चूक माझी होती. हे मी तुम्हाला सांगते, आणि इथं बसलेल्या सगळ्यांना सांगते.

रंगराव, मला उशीर झाला. मला माफ करा.

आता आपण सगळे रंगरावांसाठी उभे राहूया. ज्यांना उठवत न्हाय त्यांनी बसूनच हात जोडा. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.