फिंटनचं लाल नाक

हॅलो?… कोण?… कॉन्सेप्टा, तू होय. मी डिम्फ्नाच बोलतेय… नाही गं, काम कसलं, फिंटनचा चहा ओतून निवत ठेवत होते… हो, निवत. गरम चालत नाही त्याला आता.

काय?… हो, झाली ना मीटिंग, सकाळी दहाला, शाळेतच. तुला बरी आठवण… अगं सांगते, ऐक ना.

आठ दिवस बसची किल्ली काढून घेतली होती त्याच्याकडून. बावीस वर्षं शाळेची बस चालवतोय, कोंबडीच्या पिसालाही धक्का नाही. आणि कुणीतरी निनावी पत्र टाकतं, की ड्रायव्हर पिऊन असतो, नाक बघा त्याचं… कुणी म्हणजे? निनावी म्हटलं ना.

…आगीशिवाय धूर निघत नाही? बरं. मग आग कसली ते ऐक. रोझेशिया… रो-झे-शि-या. कातडीचा आजार. कॅसलबारच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं… छे, लागण होत नाही. त्यानं तुझा टॉवेल वापरला असला तरी तुला काही होत नाही. आपल्यासारख्या गोऱ्यापान कातडीच्या लोकांत फार. ऊन, वारा, गरम चहा, तिखट रस्सा, नाहीतर जिवाला घोर, की तोंड पेटलंच… हो, दारूनंही पेटतं. पण ज्यानं पंधराव्या वर्षी न पिण्याची शपथ घेतली, अजून कोटावर तो बिल्ला लावतो, तो…

…बिल्ला काय, कुणीही लावतं. हो, हो. तू लावत नाहीस, तेवढं खरं.

उपाय?… केले की, आधी सगळे उलटे. त्याच्या बहिणीचं इसबाचं मलम चोपडलं, तर आणखी भडकलं. मग माझी ती हिरवी क्रीम, लाली झाकते म्हणून… हो, त्याच रविवारी. कच्चा टोमॅटो येऊन बसला होता चर्चमध्ये. फादरांनी विचारलं, पोट बिघडलंय का रे… हस, हस. मीही हसले.

आता जेल लावतो, सकाळ-संध्याकाळ. वासाचा साबण बंद. आणि उन्हाची क्रीम, ढग असले तरी… मीही हेच म्हटलं, आपल्या मेयोत ऊन कुठलं. पण बसच्या काचेतून लागतं म्हणे… नाही गं, कायमचं जात नाही. ताब्यात ठेवायचं फक्त. तोंडाची लाली राहते ताब्यात. गावाचं तोंड राहत नाही.

आणि खरं सांगू? पत्र आल्यापासून घोरानंच त्याचं तोंड असं फुललं, की फाटकाबाहेर गेला नाही. पोरांच्या आया बघतील म्हणून. साठीचा बाप्या आरशाकडे पाठ करून दाढी करत होता, कॉन्सेप्टा. मला रडू आलं गं.

…हो, मीटिंगचंच सांगतेय. पोलीस आला होता, नळीत फुंकायला लावलं. शून्य… शून्य म्हणजे शून्य, थेंब नाही.

काय म्हणालीस?

थांब. परत म्हण… ‘मग मोज्यातल्या बाटलीचं काय.’

मोज्याचं मी बोललेच नाही, कॉन्सेप्टा. ते फक्त पत्रात होतं. आणि मुख्याध्यापिका टायननबाईंनी पत्र आम्हा नवरा-बायकोलाच दाखवलं… नाही, सगळं गाव नाही म्हणत. तो मोजा सीटखाली असतो. तुझी क्लोदा रोज उशिरा येते, तेवढ्यात तो तुझ्या फाटकापाशी एक घोट घेतो. तुझ्या खिडकीतून दिसतं ते.

फोन ठेवू नकोस. बाटलीचं ऐकून जा. बाईंनी सगळ्यांसमोर मोजा ओढला आणि आतून निघाली मेरीमाता… हो, तीच. नॉकच्या तीर्थाची, मातेच्या आकाराची बाटली, निळ्या मुकुटाचं झाकण. प्लास्टिकची, फुटत नाही, म्हणून तीत गार कोरा चहा नेतो. आणि पोरांसमोर मातेचा मुकुट पिरगळून प्यायची लाज वाटते, म्हणून मोजा. बाईंनी आधी क्रुसाची खूण केली, मग वास घेतला.

ती बाटली नॉकहून आम्हाला कुणी आणून दिली होती गं?… आठवलं ना.

…रडू नकोस आता. उद्या सव्वाआठला क्लोदाला उभी कर, बस येईल… नाही, फिंटनला नाही सांगणार. त्याचं तोंड पुन्हा पेटेल, जेल फुकट जायचं.

आणि ऐक. दर रविवारी पावडरचे थर देऊन येतेस ना, त्याखाली तुझेही गाल तसेच आहेत. मागच्या बाकावरूनसुद्धा दिसतात. मी काही पत्र नाही टाकलं. डॉक्टरीणबाईंचा नंबर देते, पेन घे… घेतलंस? शून्य, नऊ, चार…

हॅलो?… कॉन्सेप्टा?…

…आलास? कुणी नाही रे, राँग नंबर होता… हो, इतका वेळ. बोलकी होती बिचारी. चहा घे, निवला.