पाण्याखालचा पट

(मुळशी धरणाचं पाणी मे अखेरीला इतकं मागे सरलं आहे, की एरवी बुडालेला काळा कातळ उघडा पडला आहे. टाकी-हातोडीने कातळ टोचत उकिडवा बसलेला गोरख, वय बासष्ट; पाट्या-जात्यांना टाकी लावण्यात त्याचा जन्म गेला. शेजारी छत्री धरून बायको इंदूबाई. सून, म्हणजे मुलगा कैलासची बायको प्रियंका, आज सकाळीच भूगावच्या फ्लॅटमधून आली आहे; कडेवर आठ महिन्यांची ज्ञानदा.)

प्रियंका: नाही मामंजी, तिला कातळावर बसवायचं नाही. चटका बसेल. आणि कपच्या उडतायत. एखादी डोळ्यात गेली म्हणजे?

गोरख: आगं, पोरीला टाकी धर म्हनलं का मी? छत्रीखाली बसू दे म्हातारीच्या मांडीवर.

इंदूबाई: म्हातारी कुनाला म्हंतायसा? आन गं हिकडं तिला. आनि त्या चिखलाकडं जाऊ नगंस. वरनं सुकलाय, पर आत गुडघाभर गाळ हाय.

प्रियंका: माहीत आहे आत्या. निघताना कैलासने तीनदा बजावलंय. म्हणाला, काय दाखवतील ते बघ, मान डोलव आणि ऊन चढायच्या आत तिला घेऊन घरात ये.

गोरख: मान डोलव म्हनला व्हय? तिसरीत व्हता तवा हितंच बसून मला तांब्यानं पानी पाजत व्हता. आता हिंजवडीला एशीत बसतोय, तवा इसरला.

प्रियंका: पण दाखवायचं काय होतं? फोनवर म्हणालात, कातळ उघडा पडलाय, नातीला घेऊन ताबडतोब या. मला वाटलं एखादं देवाचं ठाणं असेल. हा तर वाघ-बकरीच्या खेळाचा पट आहे, रेघांवर खडे सरकवून वाघाला कोंडायचा.

गोरख: हायच. देवाचं असतं तर देवानं संभाळलं असतं. हे बायांचं हाय.

प्रियंका: बायांचं?

इंदूबाई: ह्यांच्या आजीनं खोदलेला, गंगू आजीनं. बहात्तर साल. वरच्या हिरी आटल्या आनि समद्या वाडीच्या बाया हितं खाली झिऱ्यावर यायच्या. तो बघ, त्या खडकाच्या बुडाला. वाटीवाटीनं पानी भरायचं. येक हंडा भराया तास जायाचा. नंबरावरनं रोज भांडनं.

गोरख: घरात टाकी-हातोडी व्हतीच. आजा जाती घडवायचा. आजीनं येक दिस गुपचूप उचलली आनि बसली खोदत. तिची सासू वरनं वरडत आली, प्यायला पानी न्हाई आनि तू खेळ मांडतीस? तर आजी म्हनली, मग हंडा भरंस्तवर काय येकमेकींच्या झिंज्या उपटायच्या?

इंदूबाई: त्यानंतर हंडा भरला तरी डाव संपल्याबिगर बाया उठायच्या न्हाईत म्हनं. पुढं कैलास तिसरीत असताना परत उघडा पडला कातळ, तवा मी खेळलीया हितं. शेजारच्या कमळीला सात डाव हरवलं. अजून बोलत न्हाई ती नीट.

प्रियंका: म्हणजे पन्नास वर्षांत हा फक्त तीनदा दिसला.

गोरख: व्हय. आनि मधल्या काळात लाटा अन् गाळ त्याला घासत बसत्यात. मागल्या खेपेला मी टाकी लावली व्हती समद्या रेघांना. आता हात फिरवून बघ, निम्म्या लागत्यात का तुझ्या बोटाला? आता न्हाई लावली तर पुढच्या खेपेला कोरा दगड. पंधरा दिसांत पाऊस येतोय. मग गेला खाली.

प्रियंका: मामंजी, एक विचारू? रागावू नका. हा दिसतो कधी, तर पाणी नसतं तेव्हा. म्हणजे आपण हा खोदायचा तो वाईट सालासाठी. मला नाही आवडत हे.

गोरख: का?

प्रियंका: आमच्या सोसायटीत दिवसाला सहा टँकर येतात. मी गॅलरीत हिला घेऊन उभी राहते आणि मोजते. ही वीस वर्षांची होईल तेव्हा टँकर तरी येतील का, हाच विचार. हिला खोकला आला तरी मला पुढची वीस वर्षं दिसतात. कैलास म्हणतो, तू दुःख आगाऊ बुक करून ठेवतेस. आणि तुम्ही तेच दगडात करताय. मला तर वाटतं हा कातळ पुन्हा कधी उघडाच पडू नये.

गोरख: मलाबी तसंच वाटतंय.

प्रियंका: मग?

गोरख: मग काय. न्हाई पडला तर लई ब्येस. गोरख्याची मेहनत पान्यात गेली म्हनून वाडीत गूळ वाटा. पर पडलाच, तर त्या सालात हंडा घेऊन कुनीतरी हितं बसनार. ती तुझी ज्ञानदा असंल न्हाईतर कमळीची पनती. तिला पानी द्यायला मी नसंन. बसायला काय तरी ठेवून जातो.

इंदूबाई: भरल्या सालात मानसाला करमनुकीला काय तोटा हाय? मोबाईल हाय, रिसॉर्टात नाच हायेत.

प्रियंका: हं. ...मामंजी, ही रेघ कुठे चालली आहे?

गोरख: कंची?

प्रियंका: ही. बाकीच्या सगळ्या रेघा एकमेकींना मिळतात. ही चौकातून निघाली आणि मध्येच सुटली.

गोरख: असंल. आजीच्या येळची.

प्रियंका: नाही. जुन्या रेघा काळ्या आहेत. ही पांढरी आहे, ताजी. तुम्ही मारलीत.

गोरख: वकिलीन हाय की काय ही?

इंदूबाई: सांगा की आता. का मी सांगू?

गोरख: तू गप बस.

इंदूबाई: न्हाई बसत. प्रियंका, ह्यांचा हात ऱ्हायला न्हाई. दिवाळीपासनं चहाचा कप धरवंना, बशी वाजती. डॉक्टर म्हनला कापरं हाय, गोळ्या घ्या, पर पहिल्यासारखा हुनार न्हाई. तुमास्नी सांगायचं न्हाई म्हनून माझ्या गळ्याला हात लावून शप्पत घातली. चार दिस झालं हितं येतुया आमी. चार दिसांत तीन रेघा झाल्या. त्यातली ही घसरली, तर घरी जाऊन जेवलं न्हाईत.

गोरख: पाट्याची टाकी चुकली तर बाई दुसरा पाटा आनती. हे कुटनं आनू? शंभर वर्सं लोक बोटं घालून म्हनतील, गोरख्याला रेघ मारता येत न्हवती.

प्रियंका: कैलासला का नाही बोलावलंत?

गोरख: बोलावलं की. सुट्टी न्हाई म्हनला. त्याचंबी खोटं न्हाई. वाडीतल्या पोरास्नी इचारलं, तर येकजन म्हनला, मामा, कटर आनतो, धा मिंटात काम. कटरची रेघ गुळगुळीत, खडा ठेवला की घरंगळतोय. टाकीची रेघ खरबरीत, ती खडा धरून ठेवती. त्या पोराला ह्यातलं काय कळंना. मग म्हनलं, सूनबाईला बोलवावं. पोरीचं निमित्त करावं.

प्रियंका: मला? मामंजी, मी बी.कॉम. आहे.

गोरख: मग मोजून मारशील.

इंदूबाई: तू वाणसामान भरताना डाळीतला खडा लांबनं बघतीस. असा डोळा आमच्या घरात कुनाला न्हाई. भीती वाटती म्हनून बघत असशील, पर बघतीस खरं.

प्रियंका: आणि माझी चुकली म्हणजे? तुम्हीच म्हणालात, हे दुसरं कुठून आणणार.

गोरख: चुकू दे. येक माझी हाय, येक तुझी हुईल.

प्रियंका: ...आत्या, तिचं तोंड पलीकडे करा. आणि ओढणी टाका तिच्यावर. दाखवा मामंजी.

गोरख: टाकी तिरपी धर. आडवी न्हाई, तिरपी. अंगठा खाली घे, न्हाईतर फुटंल. हातोडी मनगटातनं, खांद्यातनं न्हाई. बारीक मार. दगड फोडायचा न्हाई, टोचायचा.

प्रियंका: असं?

गोरख: भाजी चिरतीस का? जरा जोर लाव.

प्रियंका: सरकली.

गोरख: सरकनारच. परत. ...परत. ...आता आवाज बदलला बघ. तो खरा. तसाच ठेव.

इंदूबाई: आवो, पोरगी ठोक्याला मान हलवतीया.

प्रियंका: थांबा, मला बघायचं नाही तिच्याकडे. बघितलं की हात थांबेल. मामंजी, ही तुमची सुटलेली रेघ इथून त्या कोपऱ्यापर्यंत नेली तर?

गोरख: त्या कोपऱ्याला वाट न्हाई. कवाच न्हवती. पटाचं शास्तर मोडंल.

प्रियंका: मोडेल का? अर्धवट राहिली तर ती चूक दिसते. कोपऱ्याला टेकवली तर ती वाट होईल. बकऱ्यांना एक वाट जास्त.

इंदूबाई: थांब गं. वाघ हितं. बकरी हितनं निसटली की... आवो, वाघ कोपऱ्यात कोंडतोय. हिकडनंबी बकरी, तिकडनंबी बकरी.

गोरख: मग डाव बदलला की. वाघ हरायला लागंल.

इंदूबाई: लागू दे. पन्नास वर्सं खाल्ल्या की त्यानं बकऱ्या.

गोरख: आनि आजी काय म्हनंल?

प्रियंका: आजींनी सासूला विचारून खोदला होता का?

गोरख: ...घे. ने कोपऱ्यापतूर. पर सरळ ने, माझ्यासारखी नगं.

प्रियंका: तुमच्या रेघेच्या पुढून सुरू करते. तुमची आहे तशी राहू दे.

गोरख: वाकडी दिसंल की गं.

प्रियंका: दिसू दे. पुढे येईल तिला वाटेल, वाट आहे, थोडी वळून जाते.

इंदूबाई: झोपली बघ. ठोक्या-ठोक्याला झोपली. घरात पंखा जरा वाजला तरी उठती म्हनून सांगत व्हतीस न्हवं?

प्रियंका: झोपली? खरंच? छत्री जरा डावीकडे घ्या, पायावर ऊन येतंय.

गोरख: टेकली का कोपऱ्याला?

प्रियंका: एक बोट राहिलंय. ...टेकली. हात लावून बघा.

गोरख: खरबरीत हाय. खडा बसंल ह्यात.

प्रियंका: अजून किती रेघा राहिल्या?

गोरख: अकरा. येवढ्या न्हाई हुयाच्या तुझ्यानं. संध्याकाळी परत जायाचंय तुला.

प्रियंका: दिवसाला दोन झाल्या तरी सहा दिवस. पाऊस पंधरा दिवसांनी, असं म्हणालात ना?

गोरख: व्हय, पर घर? कैलास?

प्रियंका: त्याला मी सांगते. आत्या, हिचे कपडे दोनच आणलेत मी, रोज धुवायला लागतील. मामंजी, पुढची कुठली घेऊ?